जावयाच्या धोतराची चाळण

एका गावात एक दुनळी बंदूक होती, आणि त्या बंदुकीला एक जावई होता. बाबुसो त्याचं नाव. सासऱ्यानं जाताना बंदूक पोराला न देता जावयाला दिली. तेव्हापासून पोरगा, म्हणजे बाबुसोचा मेहुणा रवळू, भेटेल तिथं टोचायचा. "काय दाजी, बंदूक वाजते का नुसतीच दारामागं उभी असते?"

त्या साली रानडुकरांनी गावाची रताळी पार उकरून ठेवली. पंचांनी पारध ठरवली. ज्याचा बार लागेल त्याला मुंडीचा मान. पण रीत अशी, की आधी देवळामागं फाटकी चटई टांगायची आणि बंदूकवाल्यानं सगळ्यांसमोर तिच्यावर बार काढायचा. बाबुसोला घाम फुटला. चटईलाच नाही लागलं, तर रवळू वर्षभर पुरवून पुरवून हसणार. म्हणून पठ्ठ्यानं आदल्या दिवशी, बायको पाण्याला गेलेली बघून, परसात गुपचूप सराव करायचं ठरवलं. चटई काही सापडेना. दोरीवर धोतर वाळत होतं. लग्नकार्यात नेसायचं, चांगलं.

उजव्या नळीचं तोंड मोकळं. तिच्यात बारीक छर्रे घालून त्यानं लांबून बार काढला. धोतराची चाळण झाली. वर बाजूचा भोपळाही फुटला, जो नेमात नव्हताच. डाव्या नळीचं तोंड आवळलेलं. तिच्यात मोठे छर्रे घातले. ते गुळाला डोंगळे लागावेत तसे एका ताटाएवढ्या जागेत घोळक्यानं घुसले. आजूबाजूला एक भोक नाही. बाबुसो धोतराकडं बघतच राहिला.

तेवढ्यात बायको शेवंता आली. तीही बघत राहिली. मग म्हणाली, "बरं झालं. उद्या पारधीला हेच नेसून जायचं."

गेला बिचारा. चटईला बार नीट लागला, पण चटईकडं बघतंय कोण.

"दाजी, वारा बरा लागतोय ना?" रवळूनं विचारलं. "आणि हे बघा, नेमाबिमाच्या नादी लागू नका. उजवीत बारीक छर्रे भरा नि द्या सोडून. एवढ्यातला एक तरी लागेलच."

रोजची कटकट नको, म्हणून बाबुसोनं उजवीत बारीक भरले. डावीत मात्र मोठेच ठेवले.

हाकारे सुरू झाले. थोड्या वेळानं एक दांडगं डुक्कर रानातून बाहेर आलं आणि करवंदीच्या जाळीला लागून थांबलं. बाबुसोचं बोट उजव्या घोड्यावर गेलं. हा बार चुकणारच नव्हता. मुंडीचा मान, रवळूचं तोंड बंद, सगळं एका बोटावर होतं. पण नेमाच्या टोकाला त्याला डुकराऐवजी धोतर दिसायला लागलं. एवढी भोकं. म्हणजे निम्मे छर्रे जाळीत जाणार. आणि जाळीच्या आत काय आहे, ते दिसत नव्हतं.

त्यानं बोट काढलं.

"मार की लेका, झोपलास काय," मागून कुणीतरी ओरडलं. डुक्कर जाळी सोडून मोकळ्यात पळालं. आता बाबुसोनं डावीचा बार काढला. सगळा घोळका शेपटीमागं मातीत गेला, आणि डुक्कर ओढ्यापार. माणसं पोट धरून हसली. "धोतर बरं लागतंय, डुक्कर लागत नाही," एक म्हातारा म्हणाला.

तेवढ्यात करवंदीची जाळी हलली. आतून रवळू उभा राहिला. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात सुटलेलं धोतर. सकाळी रताळी जास्त झाली होती, म्हणून तो हाकाऱ्यांच्या ओळीतून हळूच सटकला होता. तोंड चुन्यासारखं पांढरं.

रवळू दाजींजवळ आला. तांब्या खाली ठेवून त्यांच्या धोतराच्या एका भोकात त्यानं बोट घातलं, मग दुसऱ्यात.

"ही उजवीची?"

"हो."

"मी सांगितलेले छर्रे?"

"तेच."

रवळू मटकन खाली बसला.

"पोट साफ झालं का?" बाबुसोनं विचारलं.

"थोडं राहिलं होतं, दाजी. ते आत्ता झालं."

मग दोघं असे हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. रवळूचं हसू लवकर थांबेना.

डुकराच्या मुंडीचा मान त्या दिवशी कुणालाच मिळाला नाही. पण संध्याकाळी रवळूनं कोंबडं कापलं, मुंडी मानानं दाजींच्या ताटात वाढली, आणि शेजारी नवंकोरं धोतर ठेवलं. जुनं मात्र त्यानं दाजींकडून मागून नेलं आणि आपल्या दारामागं खुंटीला टांगलं.

तात्पर्य: आपल्या हातून सुटलेलं कुठवर पसरतं, ते आधी घरच्या घरी बघून ठेवावं, आणि आडोशाला काय आहे ते दिसत नसेल, तर लोकांचं हसू सोसावं पण बोट आवरावं.