खालच्या गुहेतली मावशी

त्या मुलखात कुणी कुणाच्या घरी जात नसे. भांडण झालं होतं असं नाही. सवय मोडली होती, एवढंच. एका लांबलचक कड्यात प्रत्येकाचं आपापलं बीळ होतं, आणि प्रत्येक बिळातून एक अरुंद बोगदा कड्याच्या तळाशी असलेल्या गुहेत उतरत होता. मोठ्याने बोललं की आवाज गुहेत घुमून सगळ्यांच्या बिळांत पोचे. कुजबुजलं, तर फक्त गुहेत बसलेल्यालाच ऐकू येई. शेजाऱ्याचं तोंड वर्षानुवर्षं न पाहिलेले प्राणी त्याचा खोकला मात्र अचूक ओळखत.

गुहेत राहणाऱ्या खवलेमांजरीला सगळे मावशी म्हणत. मुलूख अगदीच मुका होऊ नये म्हणून तिने एक खेळ सुरू केला होता. खेळणारे बारा. पहाटे ती मुंग्यांकरवी प्रत्येकाच्या बिळात एकेक बी पाठवी. चिंचोका आला तो मेंढरू, गुंज आली तो लांडगा. गुंजा तीनच. सकाळभर सगळे मोठमोठ्याने वाद घालत, मग ज्याच्यावर संशय त्याचं नाव घेऊन एकेक खडा बोगद्यातून खाली सोडत. ज्याच्या नावाचे खडे जास्त, तो बाद. त्याने डाव संपेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही, आणि त्याच्याकडे गुंज होती की चिंचोका हे मावशीने जाहीर करायचं. दुपारी लांडगे मावशीच्या कानात कुजबुजून एका मेंढराचा फडशा पाडत. असं एक बाजू संपेपर्यंत. मुंग्या हे खरं तर मावशीचं जेवण; पण बिया पोचवणाऱ्या मुंग्यांना तिने कधी तोंड लावलं नाही. याबद्दल तिला कुणी कधी शाबासकी दिली नाही, कारण कुणाच्या ते लक्षातच आलं नाही.

खेळ चालवणं म्हणजे काय असतं, हे खेळणाऱ्यांना कळत नाही. तिला सगळं ठाऊक असे आणि काहीच बोलता येत नसे. एकदा ऊद काहीतरी कुजबुजला आणि त्याला मोठ्याने उत्तर देताना मावशी किंचित अडखळली. तेवढ्यावरून शेजारच्या बिळातल्या मुंगसाने ताडलं की ऊद लांडगा आहे. डाव तिथेच फुटला आणि पुढे तीन दिवस सगळे तिच्यावर तोंडसुख घेत होते. तेव्हापासून तिने नेम केला. कुणी काहीही विचारो, मनात चार अंक मोजायचे, मग एकाच सुरात म्हणायचं, ‘ऐकलं. पुढे चला.’ भेकराने नुसतं ‘आज गारठा आहे ना?’ असं विचारलं तरी चार अंक, आणि ‘ऐकलं. पुढे चला.’

तक्रारींना तर खळच नव्हता. मुंगूस फार लागट बोलतं, त्याला समज द्या. वादाला वेळ पुरत नाही. वाद फार लांबतो. तितर डाव अर्ध्यावर टाकून चरायला निघून जाई. त्याच्या जागी दुसरं कोण, हे पुन्हा मावशीनेच धुंडाळायचं. हरलेला प्रत्येक जण कुजबुजून सांगे, की वाटणीच चुकीची होती. इतक्या वर्षांत तिच्या स्वतःच्या वाट्याला एकदाही चिंचोका आला नव्हता. आला असता तर बरं वाटलं असतं, असं तिला कधीकधी वाटे, आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटे.

एका हिवाळ्याच्या तोंडाशी तिचा डावा कान ठणकू लागला. कड्यावर वैद्यकी करणारा सुतारपक्षी उतरून आला. तिच्या डाव्या कानाशी त्याने दगडावर चोच आपटली. तिला त्या कानाने काही ऐकू आलं नाही.

‘हा गेला,’ तो म्हणाला. ‘बारा बोगद्यांचा घुमारा एकट्या डोक्यात घेतेस, आणखी काय होणार? उजवा राखायचा असेल तर थंडीच्या आत ही गुहा सोड. एक डावही जास्त नको.’

सोडायला तिची ना नव्हती. पण तिच्या जागी कुणी बसलं नाही तर खेळ मोडणार, आणि खेळ मोडला की हे बारा जण पुन्हा तोंडं शिवून बसणार, हे ती जाणून होती. म्हणून तिने आधी, चालू डावातच, साळिंदराच्या बोगद्यात तोंड घातलं. साळिंदर पहिल्या डावापासूनचा, तिचा त्यातल्या त्यात जवळचा.

‘साळिंदरा, माझा कान गेलाय. गुहेत तू बसशील का?’

साळिंदर हलकेच म्हणाला, ‘मावशी, आधी हे सांग, हे तू आणखी कुणाकुणाला विचारलंस?’

‘कुणालाच नाही.’

‘म्हणजे मलाच का? अच्छा! मी काही इतका भोळा नाही हं.’

डाव नसला की सगळे बोगद्याच्या तोंडाला दगड लावून झोपत. म्हणून नव्या डावाची वाटणी होईपर्यंत ती थांबली. बिया पोचल्या, बाराही जण बोगद्यांशी आले, आणि ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

‘माझं ऐका. माझा एक कान गेलाय, दुसरा जायच्या वाटेवर आहे. मला गुहा सोडावी लागणार. तुमच्यापैकी कुणीतरी इथे बसा. मी शिकवते सगळं.’

मुंगसाचा आवाज आला. ‘कुणी लक्ष दिलंत का? मावशी आज नेहमीसारखी थांबून बोलली नाही.’

‘खरंच की!’ तितर म्हणालं.

‘तिचा सूर पण वेगळा होता,’ भेकर म्हणालं. ‘रडवेला.’

‘रडवेला सूर कोण काढतं? ज्याच्याकडे गुंज असते तो.’ मुंगसाला आता चेव आला होता. ‘हा नवा नियम आहे. या खेपेला चौथी गुंज मावशीने स्वतःकडे ठेवलीय. गुहेत बसायला जो हो म्हणेल त्याला ती दुपारी उडवणार!’

‘अरे, मी खेळत नाहीये,’ मावशी म्हणाली.

‘लांडगा असंच म्हणतो,’ ऊद म्हणाला, आणि सगळे हसले. फार दिवसांनी डाव इतका रंगला होता.

तिने पुन्हा सांगितलं. सुतारपक्ष्याचं सांगितलं, ठणका सांगितला. त्या एकेका शब्दाचा कीस काढला गेला. कान गेलाय तर आमचं बोलणं कसं ऐकतेस, असं भेकराने विचारलं तेव्हा सगळ्यांनी त्याला शाबास म्हटलं. मग खडे सुटू लागले. प्रत्येक खड्याबरोबर एकच नाव येत होतं. शेवटचा खडा साळिंदराच्या बोगद्यातून आला, आणि त्याच्यामागोमाग फक्त तिला ऐकू जाईल अशी कुजबुज.

‘मानलं तुला, मावशी. काय डाव टाकलास!’

मावशीने खडे मोजले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, संतापाचं की सुटल्याचं हे तिचं तिलाही कळेना.

‘बारा,’ ती म्हणाली. ‘मावशी बाद.’

बाद झालेल्याने बोलायचं नसतं. ती उठली आणि बाहेरच्या उन्हात चालू लागली. मागे वळून पाहावं असं तिला वाटलं, पण तिने पाहिलं नाही.

वर मुंगूस ओरडलं, ‘काय होती ती? गुंज की चिंचोका?’

उत्तर आलं नाही. भेकराने तेच विचारलं, मग तितराने. कड्यावरून खाली गुहेपर्यंत उतरायला अर्धी घटका पुरली असती. कुणी उतरलं नाही. एकेकाने आपल्या बोगद्याच्या तोंडाला कान लावला आणि श्वाससुद्धा हळू घेतला. बारा बोगद्यांतले बारा श्वास रिकाम्या गुहेत एकत्र घुमले, आणि बाराही जणांना खालून कुणाच्या तरी श्वासाचा आवाज अगदी बारीक येऊ लागला. जवळचा, दबलेला, वाट पाहणारा. प्रत्येकाला तो मावशीचाच वाटला.