विहिरीमागची फांदी

फार पूर्वी डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक माळीण राहायची. कामाला वाघीण, पण तिच्या कात्रीला घडीभर चैन नसे. एखादं पान जरा बाहेर डोकावलं, की ते गेलंच म्हणून समजा. तिच्यासमोरून जाताना पदर सांभाळा, असं शेजारणी गमतीनं म्हणत.

एकदा दूरदेशीच्या एका सौदागरानं गावच्या पाटलांना काही रोपं दिली. हे झुडूप बारा महिने हिरवं राहतं आणि त्याला लाल कुंचल्यासारखी फुलं येतात, असं त्यानं सांगितलं. त्याचं परदेशी नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून गाव त्याला कुंचल्याचं झुडूप म्हणू लागलं. पाटलांनी देवळाच्या वाटेला, थेट विहिरीपर्यंत, त्याचं कुंपण लावलं आणि माळिणीच्या हवाली केलं.

माळिणीनं ती रोपं लेकरासारखी वाढवली. दर बाजाराच्या आदल्या दिवशी ती कुंपण इतकं सपाट छाटी, की वर भरलेलं ताट ठेवलं तरी कलंडू नये. कुंपण दाट झालं, देखणं झालं. फूल मात्र एकही येईना.

अशा कितीतरी होळ्या गेल्या. शेवटी पाटील वैतागले.

"माळीणबाई, पुढच्या होळीला फूल दिसलं नाही, तर हे सगळं उपटून दगडी गडगा घालतो."

माळीण तशीच पाणी शेंदायला विहिरीवर गेली, तर कठड्यामागे एक चिमुकला पक्षी किलबिलत होता. तिनं वाकून पाहिलं. कुंपणाची एक फांदी कठड्यामागून पाण्यावर झुकली होती. तिथवर कात्री कधी पोचलीच नव्हती. फांदी वाढली होती वेडीवाकडी, पण तिच्या शेंड्याला लालभडक कुंचला फुलला होता.

माळिणीच्या लक्षात आलं. फूल शेंड्याला येतं, आणि शेंडे तर ती दर आठवड्याला उडवत होती. तिला फार वाईट वाटलं. घरी जाऊन तिनं कात्री खुंटीला टांगली.

कुंपण वाढलं, झिपरं झालं. माळिणीचा हात आता चालत नाही, असं लोक तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणू लागले. तिचा हात तर नुसता शिवशिवत होता! तरी तिनं कात्रीकडे पाहिलं नाही.

होळी तोंडावर आली. शेंड्यांवर करड्या कळ्या धरल्या होत्या, पण त्या जवळ गेल्याशिवाय दिसत नव्हत्या. पाटलांकडे पाहुणे यायचे होते. निदान चार लोकांत शोभेल इतकं तरी छाट, असं ते म्हणाले.

माळीण हात जोडून म्हणाली, "पाटील, होळीला उपटायचं तर उपटा. पण आज मी कात्री लावणार नाही."

होळीच्या सकाळी गडी कुदळी घेऊन आले आणि वाटेतच थबकले. देवळापासून विहिरीपर्यंत सगळं कुंपण लाल झालं होतं. त्यावर मधमाश्यांची नि पाखरांची नुसती झुंबड उडाली होती. पाटील आले, बघतच राहिले. त्या संध्याकाळी होळीत पहिला नारळ टाकण्याचा मान त्यांनी माळिणीला दिला, आणि ढोलताशांच्या गजरात ती ताठ मानेनं पुढे झाली.

फुलं वाळल्यावर माळिणीनं कात्री काढली. वाळल्या फुलांच्या जरा खाली, एकदाच हलकं छाटलं आणि कात्री पुन्हा खुंटीला लावली. पुढच्या होळीला कुंपण दुपटीनं फुललं.

तात्पर्य: ज्याला आपण जीव लावतो, त्याच्यासाठी हात कधी चालवायचा हे कळावं, तसंच कधी आवरायचा हेही कळावं.