चीत झाल्यावर

खूप जुन्या काळी एका डोंगराच्या अलीकडे एक राज्य होते आणि पलीकडे दुसरे. दोघांत हाडवैर होते. ते कशावरून पडले, हे कुणालाच आठवत नव्हते. पण पलीकडच्यांच्या नावाने बोटे मोडायला इथे शेंबडे पोरही शिकलेले असे.

अलीकडच्या राज्यात हैबती नावाचा मल्ल होता. त्याने शड्डू ठोकला की लोक आरोळ्यांनी आभाळ डोक्यावर घेत. हैबतीला त्या आरोळ्या फार आवडत.

एका जत्रेत पलीकडचा एक तरुण मल्ल इथल्या राजाने दिलेल्या अभयावर विसंबून कुस्ती खेळायला आला. बराच वेळ झोंबाझोंबी झाली. अखेर हैबतीने धोबीपछाड मारून त्याला चीत केले. पाठीला माती लागली, कुस्ती संपली.

पण लोक थांबेनात. "मान मोड त्याची! सोडू नकोस!" राजानेही मान डोलावली.

हैबतीचा पंजा तरुणाच्या गळ्यावर होता. ज्या आरोळ्यांनी त्याची छाती फुगायची, त्यांचीच आज त्याला शिसारी आली. त्याने पंजा काढला आणि हात देऊन तरुणाला उठवले.

"हैबती, आमची आज्ञा आहे!" राजा गरजला.

"महाराज, राज्यासाठी कुस्ती मारली. पण पडलेल्याला मारायला हे मनगट कमावलं नाही."

"फितूर!" म्हणत लोक दगड घेऊन धावले. तरुणाला पाठीशी घालून हैबती वेशीकडे निघाला. कपाळ फुटले, तरी त्याने मान खाली घातली नाही.

वाटेत एक म्हातारी दगड उगारून उभी होती. तिचा लेक पलीकडच्यांनी मारला होता.

"मारायचं तर मला मारा, मावशी," हैबती म्हणाला.

तिने त्याच्या फुटलेल्या कपाळाकडे पाहिले. "माझं पोर पडलं, तेव्हा तिथं तुझ्यासारखा एक जरी असता रे..." तिने दगड टाकला आणि गर्दीकडे वळून ओरडली, "सरका! जाऊ द्या त्यांना!"

गर्दी सरकली.

राजाने हैबतीचे मानपान काढून घेतले. तो लोकांच्या शेतात राबू लागला, पण ताठ मानेने.

पुढे पलीकडच्या राजाने चढाईचा हुकूम सोडला. तेव्हा तो तरुण भर दरबारात म्हणाला, "हैबतीच्या गावावर मी तलवार उचलणार नाही." हैबतीने त्याला कसे वाचवले, हे शिपायांनी त्याच्याच तोंडून ऐकले होते; एकेक करत सगळ्यांनी तलवारी खाली ठेवल्या. चढाई झालीच नाही.

ज्यांनी दगड मारले, तेच पुढे नातवंडांना अभिमानाने सांगत, "हैबती आमचा होता!"

तात्पर्य : सारा समाज द्वेषाने पेटला, तरी आपला हात आपल्या विवेकाच्याच ताब्यात ठेवावा.