सारजाचा खोकला

नरहरी वैद्य म्हणून एका गावात एक वैद्य होते. रोगी उंबऱ्यात खोकला, की हे आत बसून रोग सांगायचे, आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघायचा. त्यामुळे त्यांना उलट विचारायची कोणाची छाती नव्हती.

त्याच गावात सारजा राहायची. दारात चार म्हशी, कडेवर वर्षाची लेक मैना. एका हिवाळ्यात तिला ताप, खोकला आणि धाप लागली. अंग झडलं. वैद्य लांबूनच म्हणाले, "क्षय आहे. लेकराला जवळ घेऊ नकोस."

सारजाला रानातल्या खोपीत ठेवलं. मैना सासूजवळ राहिली. महिन्याभरात सारजा बरी झाली आणि वैद्यांच्या औषधाचं नाव झालं. पण घरी येऊन दोन दिवस होतात तोच पुन्हा ताप, पुन्हा खोप. तिथे ती पुन्हा बरी झाली. आता मात्र सासू म्हणाली, "पोरीला कायमची मामाकडं धाडते. ती तरी जगंल."

सारजा रडतच वैद्यांकडे गेली. "रागावू नका, बुवा. या खेपेला मी तुमचं औषध घेतलंच नाही. लई कडू. तरी बरी झाले."

वैद्यांना राग आला, चांगलाच आला. तो ओसरल्यावर ते विचारात पडले. क्षय काही असा आपोआप जात नाही. मग खोपीत नाही असं घरात काय आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते सारजाच्या गोठ्यात जाऊन बसले. "रोजची कामं कर," म्हणाले. सारजाने गंजीतून कडब्याची पेंडी ओढून झटकली. पांढरी धूळ उडाली. कडबा गेल्या सालचा, भिजून बुरसलेला. जुनी गंजी संपल्याखेरीज नवी उघडायची नाही, ही सासूची शिस्त. संध्याकाळी सारजाला ताप भरला.

वैद्य चावडीवर गेले आणि चारचौघांत म्हणाले, "सारजाला क्षय नाही. बुरशीची धूळ तिच्या छातीला बाधते. क्षय म्हणालो, ती माझी चूक." काही जण हसले. वैद्यांनी त्यांना हसू दिलं.

गंजी उकिरड्यावर गेली. सासू चार दिवस वैद्यांशी बोलली नाही. सारजाचा खोकला मात्र थांबला, आणि मैनेला मामाकडे धाडायचं राहिलं. मैनेने आधी आईला ओळखलंच नाही. ती आजीच्या लुगड्याआड लपली. सारजा तिथेच खाली बसली. जरा वेळाने मैना हळूच आली आणि तिच्या मांडीत बसली.

तात्पर्य: रोग्याला गुण आला म्हणून निदान खरं ठरत नाही, तो कशाने आला हे पाहावं, आणि आपण चुकलो असलो तर तसं मोकळेपणाने सांगावं.