सातव्या तोफेचा नाद

"म्हातारा सुनेला बरोबर घेऊन आलाय. बघशील तू, नवऱ्याचीच तोफ मोडीत काढेल ती. म्हणजे त्याला घरी न्यायला मोकळी."

एकदा एका खिंडीच्या लढाईत, तिसऱ्या दिवशी दुपारी, दारूगोळ्याच्या गाड्याआड दोन शिपाई असे बोलले आणि पलीकडे उभ्या असलेल्या त्या सुनेने ते ऐकले.

काळ वाफेच्या यंत्रांचा, नुकताच उजाडलेला. खिंडीतून लोखंडी रूळ जात होते. ज्याची खिंड, त्याचे राज्य. टेकडीवर सात तोफा होत्या. पहिली कड्याच्या टोकावर, शत्रूच्या थेट नेमात. तिचा गोलंदाज सकाळीच पडला होता आणि तिथे उभे राहायला कोणी धजत नव्हते.

तोफा ओतणारा वृद्ध ओतारी स्वतः रणात आला होता. रीतच तशी होती: दर वीस बारांनंतर तोफेवर हातोडा मारून नाद ऐकायचा. घंटेसारखा आला तर तोफ निरोगी; बद्द आला तर आत चीर. ती पुढच्या बाराला फुटून आपलीच माणसे खाते.

चाळीस वर्षांच्या ठोकाठोकीत ओताऱ्याचे कान गेले होते. तीन महिन्यांपूर्वी घरात आलेली सून फारशी बोलत नसे. त्या गोंगाटाच्या घरात ऐकणारी ती एकटीच.

ओताऱ्याने मारा थांबवायला लावला आणि सर्वांसमक्ष हातोडा सुनेच्या हाती दिला.

सरदार चमकला. "बाबा, शत्रू चढण चढतोय. आणि सातव्या तोफेवर हिचाच नवरा आहे."

म्हाताऱ्याने त्याचे ओठ वाचले. "ठाऊक आहे. मी त्याचा बाप."

सहा तोफा खणखणीत वाजल्या. सातवी बद्द. तिने पुन्हा ठोकून पाहिले, तसाच नाद. मागे ते दोन शिपाई खाकरले. तिने हातोडा खाली केला आणि नजर जमिनीला लावली.

ओताऱ्याने तिचा चेहरा पाहिला. "सूनबाई, सत्यात आपला लाभ निघाला म्हणून ते लाजून गिळू नये. लोकांच्या बोलण्यापायी माणसे मरतील. लाभ तेवढा टाकून दे, मग बोल. त्या बोलण्याला कोणी बोट लावत नाही."

तिने एकदा कड्याकडे पाहिले, एकदा नवऱ्याकडे. मग त्या दोघा शिपायांनाही ऐकू जाईल इतक्या आवाजात ती सरदाराला म्हणाली,

"सातवी बंद करा, आत चीर आहे. आणि माझ्या नवऱ्याला पहिल्या तोफेवर पाठवा."