भोपळ्याचे कादंब

पौषातली पहाट. सूर्य उगवायला अजून घटकाभर अवकाश होता. तळ्याच्या वरच्या अंगाला गव्हाचं हिरवं शेत, शेतात दव, आणि दवात माना खाली घालून चरणारा कादंबांचा थवा. त्या थव्यातला एकही पक्षी जिवंत नव्हता.

ही फार जुनी गोष्ट आहे. त्या राजाचं नाव सांगून उपयोग नाही. असे राजे नावावरून नाही, कामावरून ओळखावेत.

थंडी पडली की उत्तरेकडून करडे हंस त्या तळ्यावर उतरत. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेल्या त्या हंसांना तिकडचे लोक कादंब म्हणत. ते रात्री पाण्यावर राहत आणि पहाटे कोवळा गहू चरायला शेतात येत. गावात एक जण त्यांना धरायचा. आयुष्यभर पाखरांच्या मागे असल्यामुळे लोक त्याला पाखऱ्या म्हणत. घरच्यांनी ठेवलेलं नाव त्याला स्वतःलाही क्वचितच आठवे.

राजाच्या शिकाऱ्यांकडे लाकडात कोरलेले, रोगण चढवलेले कादंब होते. पण दव पडलं की रोगण चमके, आणि पाखरं वरूनच वळून जात. पाखऱ्याचे कादंब घरचे होते. वाळका दुधी भोपळा हे पोट, फाटक्या घोंगडीचा तुकडा हे अंग, वाकवलेली काटकी ही मान. राख चोळली की करडा रंग येई आणि तव्याची काजळी लावली की पट्टे उमटत. शेपटीला तो एक सुटं पीस बांधी. ते वाऱ्यावर हले आणि सगळा थवा चरतोय असं वाटे.

मांडणीत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. साऱ्यांची तोंडं वाऱ्याकडे आणि माना खाली. एकाची मान मात्र वर, कारण खऱ्या थव्यात एक जण नेहमी राखण करतो. आणि मधोमध मोकळी जागा. आपल्या माणसांत मोकळी जागा दिसली की येणारा तिथेच उतरतो. जाळं तिथेच असे, आणि दोर खड्ड्यात दडून बसलेल्या पाखऱ्याच्या हातात.

त्या पहाटे जाळ्यात एक म्हातारा नर सापडला. त्या काळी पाखरं बोलत, आणि माणसं निदान ऐकल्यासारखं करत.

"तुझ्या भोपळ्याला मी फसलो असं समजू नकोस," तो म्हणाला. "जवळ आल्यावर भोपळा मला ओळखू आला. पण तोवर पाय जमिनीला लागले होते. दुरून आपली माणसं निवांत जेवताना दिसली की आम्ही पारखत बसत नाही."

"म्हणून तर माझं पोट भरतं," पाखऱ्या म्हणाला.

"भर. पोटासाठी आहे तोवर भर. पण ही कला पोटापुरतीच ठेव."

पाखऱ्याला हसू आलं. मरणाच्या दारातलं पाखरू उपदेश करतंय याची त्याला गंमत वाटली. त्याने मान मुरगाळली आणि पक्षी झोळीत टाकला.

तेवढ्यात बांधावर घोडा थांबला. राजाचा कारभारी खाली उतरला, वाकून धनुष्याला दोरी चढवू लागला आणि हळूहळू शेताकडे सरकू लागला. पाखऱ्याला राहवेना. तो खड्ड्यातून उभा राहिला आणि म्हणाला, "सरकार, बाण वाया जाईल. ते भोपळे आहेत."

कारभारी हसला नाही. बराच वेळ तो ते भोपळे न्याहाळत राहिला. मग त्याने विचारलं, "माणसं येतील का बनवता?"

आता त्या वर्षीची गावाची हालत सांगायला हवी. राजा डोंगरावर किल्ला बांधत होता आणि त्यासाठी गावोगावची माणसं वेठीला धरत होता. वेठीला गेलेला परत येई तो हात मोडून, आणि पुष्कळसे येतच नसत. म्हणून दिवाळीनंतर निम्मं गाव रातोरात नदीपलीकडच्या डोंगरात पळालं. त्यात पाखऱ्याची एकुलती लेक होती, तिचा नवरा होता आणि तिचं तान्हं होतं. शेतात ज्वारी उभी होती. कापायला माणूस नव्हतं.

कारभाऱ्याने सांगितलं ते ऐकायला साधं होतं. रानडुकरं उभं पीक उद्ध्वस्त करतात, तर त्या शेतांत माणसांची बाहुली उभी करायची. मात्र ती वाकलेली हवीत, हातात विळे हवेत, काही बाया हव्यात, काही गडी हवेत. काम नीट झालं तर तळ्यावर दुसऱ्या कुणाला जाळं लावू देणार नाही, असा शब्दही त्याने दिला.

बुजगावणं पळवून लावायला असतं. बाहुलं बोलवायला असतं. हा फरक त्या साऱ्या राज्यात एका माणसाला पक्का ठाऊक होता, आणि तो माणूस गप्प राहिला. गप्प राहिला हेही पुरतं खरं नाही. तो बोलला. तो म्हणाला, "सगळी वाकलेली बरी दिसणार नाहीत, सरकार. एक जण कमरेवर हात ठेवून उभा हवा. आणि मधलं खळं मोकळं सोडा."

कुणी विचारलं नव्हतं. कसबाचा गर्व त्याच्या तोंडून बोलला.

घरी तो कडब्याच्या पेंढ्या बांधायला बसला. बायको दारात उभी राहून पाहत होती.

"हे कुणासाठी?" तिने विचारलं.

"रानडुकरांसाठी."

"डुकरांना बायका कशाला दाखवायच्या?"

त्याने दुसरी पेंढी पुढे ओढली.

"आणि बुजगावणं हात पसरून उभं असतं. ही वाकलीत का?"

"दुरून बरी दिसतात."

"कुणाला?" तिने विचारलं.

पाखऱ्याने सुतळीची गाठ आवळली आणि सांगितलं की सरकारी कामात बायकांनी डोकं घालू नये. तिने बाहुल्यांसाठी घरातली एक चिंधीही द्यायची नाही असं ठरवलं. पण एका बाहुलीला लुगडं कमी पडत होतं. ती पाण्याला गेलेली पाहून त्याने दांडीवरचं तिचं जुनं वांगी लुगडं ओढून घेतलं. त्याच्या खांद्यावर पिवळं ठिगळ होतं. घर सोडायच्या आदल्या दिवशी लेकीने ते शिवलं होतं, जाताना आईला काही द्यायला नव्हतं म्हणून.

बाहुल्या उभ्या राहिल्या. प्रत्येकीचा पदर सुटा ठेवला होता. सकाळचा वारा आला की पदर हलत आणि विळे चालल्यासारखे वाटत. गावात उरलेले लोक लांबून पाहून म्हणाले, पाखऱ्याने कमाल केली.

आपलं काम लांबून कसं दिसतं हे पाहायचा मोह कुठल्या कारागिराला आवरतो? एका सकाळी, धुकं विरत असताना, पाखऱ्या नदीकाठच्या टेकाडावर चढला. शेतं पाहून त्याचं मन भरून आलं. कापणी चालली होती, कमरेवर हात ठेवून एक जण देखरेख करत होता. वेठ संपली, माणसं आपापल्या शेतात परतली, असंच कुणालाही वाटलं असतं.

आणि तसं वाटलं. पलीकडच्या डोंगरातून माणसं उतरत होती. आठवडे न् आठवडे कंदमुळांवर काढलेली माणसं. सर्वांत पुढे, पोराला छातीशी धरून, त्याची लेक होती. तिने लांबून ते पिवळं ठिगळ ओळखलं होतं. ती मागे वळून सगळ्यांना सांगत होती की भिऊ नका, ती बघा माझी आई, आई कामाला आली आहे.

पाखऱ्या जिवाच्या आकांताने ओरडला, "परत जा, परत फिरा."

वारा उलटा होता. शब्द पोचले नाहीत, आवाज पोचला. लेकीने बापाचा आवाज ओळखला आणि ती पळतच सुटली. तिच्यामागे सगळे पळाले, आणि गुडघाभर नदी ओलांडून खळ्यावरच्या मोकळ्या जागेत येऊन थांबले.

खळ्याकडेच्या जुन्या कडब्याच्या गंज्यांतून शिपाई उठले.

ज्या माणसांना धरायला राजाच्या शिपायांना डोंगर पालथा घालावा लागला असता, ती आपल्या पायांनी चालत आली. दोर बांधून त्यांना किल्ल्याकडे नेलं. लेकीने त्या बाहुलीच्या अंगावरचं लुगडं गच्च धरलं होतं. ते फाटलं आणि ठिगळ तिच्या मुठीत राहिलं.

पाखऱ्या दरबारात गेला. राजा म्हणाला, मी असला हुकूम दिला नाही. कारभारी म्हणाला, मी बुजगावणी मागितली होती. शिपायांचा नाईक म्हणाला, माणसं आपणहून आली. आपापलं बोलून तिघेही मोकळे झाले.

"बाहुल्या मी केल्या," पाखऱ्या म्हणाला. त्या दरबारात एवढं एकच वाक्य खरं होतं, आणि ते ऐकून कुणालाही काही करावंसं वाटलं नाही.

घरी बायकोने दार उघडलं, पाणी दिलं. त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतं बोले, आणि लुगड्याविषयी तिने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

पुढच्या थंडीत पाखऱ्याने भोपळे फोडून चुलीत घातले आणि रिकाम्या हाताने शेतात जाऊन बसला. पहाटे एक खरा थवा उतरून चरू लागला. थोड्या वेळाने वरून दुसरा थवा आला. त्याने खालची आपली माणसं पाहिली, दोन घिरट्या घातल्या आणि तो तसाच उपाशी पुढे निघून गेला. खालचे कादंब माना वर करून हाका मारत राहिले.

माणसांचंही तसंच झालं. डोंगरात जे थोडे उरले होते, ते गावातल्या चुलींचा धूर पाहून लांबून वळसा घालत. पाखऱ्या रोज नदीवर जाऊन पलीकडे हाका मारी. त्याचा आवाज ओळखून ते आणखी दूर जात.

ज्या खुणेवर विसंबून आपली माणसं आपल्याजवळ येतात, ती खूण खोटी करून दुसऱ्याच्या हाती देऊ नये.

किल्ला पुढे बांधून पुरा झाला. त्या सकाळी शिपाई गंज्यांत कुणाच्या हुकमाने बसले होते, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.