सज्जातून न दिसलेला कुंभारवाडा

एका राजाच्या पदरी लिंबाजी नावाचा माळी होता. त्याने रोवलेली सुकी काठीसुद्धा पालवते, असे लोक म्हणत. राणीसाहेबांना नवी बाग हवी झाली, तेव्हा लिंबाजीने महालाच्या सज्जात बसून फरशीवर खडूने बाग आखली. मधोमध तळे, तळ्यात कारंजे. पाण्यासाठी टेकडीवरचा ओढा बांध घालून वळवायचा, असे ठरले.

त्याची बायको पारू म्हणाली, "अहो, आधी ओढ्याच्या काठाने खालपर्यंत चालून तरी या."

"सज्जातून सगळं दिसतं," लिंबाजी म्हणाला.

दोन पावसाळे गेले. कारंजे उडू लागले. राजाने लिंबाजीला भरजरी शेला दिला. मग राणीसाहेबांनी मोगऱ्यासाठी दोनशे कुंड्या मागितल्या. शेला खांद्यावर टाकून लिंबाजी टेकडीपलीकडच्या कुंभारवाड्यात गेला.

तिथे चाक भिंतीला टेकवलेले होते. भट्टीत गवत माजले होते. ठकूबाई कुंभारीण गाठोडे बांधत होती. तिने त्याला पाणी दिले, ते लाखेने चीर बुजवलेल्या माठातले. कुंभाराच्या घरात धड माठ नव्हता.

तिने सांगितले, की ओढा दरवर्षी पुराबरोबर पोयटा आणून टाकायचा, त्याचीच मडकी व्हायची. आता ओढा येत नाही, माती नाही. चार घरे गाव सोडून गेली, उद्या ठकूबाईही निघणार.

"ओढा कुणी वळवला कोण जाणे," ती म्हणाली. "शहाणा माणूस असणार, दादा. वेड्याला बांध घालता येत नाही."

लिंबाजीला शेला खांद्यावर निखाऱ्यासारखा पोळू लागला. त्याने तो काढून काखेत लपवला.

"बाई, तो शहाणा मीच," तो कसाबसा म्हणाला. "एवढा पावसाळा थांबा."

ठकूबाई गाठोड्याची गाठ बांधायची थांबली.

लिंबाजीने शेला राजापुढे ठेवला आणि आपली चूक भरदरबारात सांगितली. राजा रागावला, पण बांध फोडायला त्याने परवानगी दिली. कारंजे बंद पडले. पावसाळ्यात पोयटा आला, ठकूबाईचे चाक फिरले. गेलेली चार घरे मात्र परतली नाहीत. त्यांच्या ओसाड ओट्यांवरून जाताना लिंबाजीची मान आजही खाली जाते.

आता नवी बाग करायची झाली, की तो आधी वहाणा काढून ओढ्याकाठाने खालपर्यंत चालतो, दारोदार विचारतो. खडू हातात घेतो तो त्यानंतर.

तात्पर्य: पाणी, माती आणि माणसे एकमेकांत गुंफलेली असतात, पहिली रेघ ओढण्याआधी ती कुणाकुणाच्या दारापर्यंत पोचते ते पाहून यावे, कारण मागाहून बांध फुटतो, पण उठून गेलेली घरे परत येत नाहीत.